नक्कल नेमकी कुठनं काढायची? वाचकांच्या पाच प्रश्नांची उत्तरं

मी बरीच वर्षं लोकांना नकलांचे अर्ज लिहून देतोय, आणि एकच गोष्ट सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: मूळ नोंद ज्याच्या दप्तरात आहे त्यानंच सही-शिक्का मारून दिलेला कागद म्हणजे प्रमाणित नक्कल. झेरॉक्सवर कुणी 'खरी प्रत' म्हणून सही केली तर ती निव्वळ साक्षांकित झेरॉक्स असते, नक्कल नव्हे. हे डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रयाग चिखलीहून एक काका: 2019 च्या महापुरात घरात पाणी आलं, खरेदीखत भिजून पानं एकमेकाला चिकटली. आता कर्ज काढायचंय तर बँक मूळ कागद मागते. काय करायचं?

काका, आधी तो चिकटलेला गठ्ठा आहे तसा जपून ठेवा, पानं ओढून सोडवू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. दस्त नोंदवताना त्याची पूर्ण प्रत दुय्यम निबंधकाच्या दप्तरात राहते, त्यामुळं ज्या कार्यालयात नोंदवला तिथं अर्ज दिला की नक्कल मिळते. अडचण येते ती दस्त क्रमांक आठवत नाही म्हणून, आणि लोक तिथनंच माघारी येतात. तर असं करा, सातबाऱ्यावर तुमच्या नावाजवळ फेरफार नंबर असतो, त्या फेरफाराचा उतारा काढा, त्यात बहुतेक वेळा दस्ताचा नंबर आणि तारीख लिहिलेली असते. तेही नाही जमलं तर नाव, गाव, गट नंबर देऊन इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत, शोध घ्यायला सांगायचं. पण नुसता इंडेक्स टू घेऊन घरी येऊ नका, तो दस्ताचा गोषवारा आहे, तुम्हाला पूर्ण दस्ताची नक्कल पाहिजे. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 57 मध्ये स्पष्ट आहे की अशी नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबित करायला चालते.

आता बँकेचं. बँकेला मूळ दस्त तारण म्हणून स्वतःकडं ठेवायचा असतो, म्हणून नकलेवर ती लगेच हो म्हणत नाही. भिजलेला मूळ दस्त, प्रमाणित नक्कल आणि पुरात कागद खराब झाल्याचं प्रतिज्ञापत्र, तिन्ही एकत्र घेऊन मॅनेजरना भेटा, पेपरात जाहीर नोटीस द्या म्हणाले तर तीही द्या. कोणीतरी सल्ला देईल की पोलिसात 'हरवला' म्हणून लिहून द्या. तसं करू नका हो, कागद हरवलेला नाही, खराब झालाय, खोटं लिहून दिलेलं पुढं तुमच्याच अंगाशी येईल.

उचगावच्या ताई: मोबाईलवर सातबारा फुकट निघतो, तो चालतो का?

नाही ताई, फुकट दिसतो तो फक्त बघायला. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढा, तो सगळ्या सरकारी कामाला चालतो आणि त्यावर परत तलाठ्याची सही लागत नाही. शहरातल्या घराला मात्र प्रॉपर्टी कार्ड लागतं, आणि कोल्हापुरात सिटी सर्व्हे नंबरसोबत वॉर्ड सांगायला विसरू नका, ए, बी, सी, डी, ई यातला कुठला ते.

पन्हाळा तालुक्यातून: पणजोबांची कुणबी नोंद शोधतोय, कोतवाल बुकात असेल म्हणतात. नक्कल कशी मिळेल?

भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण यावर पोराबाळांची ॲडमिशन अडकलेली असते. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा बघतात, आणि जितका जुना तितका भक्कम. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, त्यात जातीचा रकाना असतो. ही बुकं साधारण तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडतात. अर्जात गाव, पणजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे सालं लिहा, नुसतं 'कुणबी नोंद मिळावी' लिहिलं तर कारकुनानं शोधायचं तरी काय?

दुसरं, आपल्या कोल्हापुरात 1949 पर्यंत संस्थान होतं, त्यात परत विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिऱ्या, कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. त्यामुळं आज गाव ज्या तालुक्यात आहे तिथंच जुनं दप्तर असेल असं धरून चालू नका, वडीलधाऱ्यांना विचारा की गाव आधी कुणाकडं होतं. करवीर दरबारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, कागदांसाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारातही चौकशी करा. नोंद मोडीत असली तर मोडी पानाची प्रमाणित नक्कल आणि जाणकाराकडनं केलेलं देवनागरी लिप्यंतर, दोन्ही घ्या, नुसतं लिप्यंतर जात पडताळणीत टिकत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराही सोबत काढा. अर्जाला उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपये अर्जाला, 2 रुपये पानाला, 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. आणि नोंद नसली तर 'आढळून येत नाही' असं लेखी घ्या, पुढच्या कार्यालयात तेच दाखवता येतं.

राजारामपुरीतून: दिवाणी निकाल विरोधात गेला, नक्कल मिळायलाच तीन आठवडे लागले. अपिलाचे 30 दिवस संपले का?

घाबरू नका, मुदत कायदा 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतनं वगळतात. समजा अर्ज 5 जूनला दिला आणि नक्कल 26 ला तयार झाली, तर दोन्ही तारखा धरून ते 22 दिवस मोजायचे नाहीत. पण इथं दोन ठिकाणी लोक फसतात. एक, अर्ज द्यायला लावलेला उशीर मुदतीत धरला जातो, म्हणून निकालाच्या दिवशीच कसबा बावड्याच्या कोर्टात नक्कल अर्ज टाका. दुसरं, नक्कल तयार झालेली तारीख धरतात, तुम्ही ती आणायला कधी गेला ते नाही. नकलेवर तारखा लिहिलेल्या असतात, त्या वकिलांना आजच दाखवा. पुढं हायकोर्टात जायचं झालं तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे खंडपीठ, कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईची फेरी वाचली.

गडहिंग्लजहून: काकांनी मृत्युपत्र रजिस्टर केलंय असं कळलं. काका हयात आहेत, मला नक्कल मिळेल का?

नाही. ते हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्यांनाच किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाला मिळते. त्यांच्या पश्चात मृत्यू दाखला जोडून कुणीही मागू शकतं. दप्तरातनं काढायच्या मागं लागू नका, काय लिहिलंय हे जाणून घ्यायचं असेल तर एकदा गावी जाऊन काकांनाच विचारा.