पोकलेनला शिअर जोडताना

प्रश्न : जुन्या शेडचे लोखंडी सांगाडे पाडण्याची कामे आम्ही घेतो. आजवर सगळे गॅस कटिंगने केले. आता २२ टनी पोकलेनला हायड्रॉलिक शिअर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी लोखंड कापायची जबड्यासारखी कात्री, जोडायचा विचार आहे. प्रत्येक विक्रेता ‘कटिंग फोर्स’चा वेगळाच आकडा सांगतो. निवड नेमकी कशावरून करावी?

उत्तर : तो आकडा खोटा असतो असे नाही, पण जबड्यात कोणत्या ठिकाणी मोजला हे सांगितल्याखेरीज त्याला काही अर्थ उरत नाही. कात्रीने जाड पुठ्ठा कापताना आपण तो टोकाशी न धरता आत, मुळाशी सरकवतो. शिअरचेही तसेच आहे. मधल्या पिनपासून ४०० मिलिमीटरवर १०० टन जोर मिळत असेल, तर ८०० मिलिमीटरवर तो जवळपास ५० टनच राहतो. म्हणून विक्रेत्याला जोर विचारण्याआधी आपल्या शेडमधला सर्वांत मोठा गर्डर मोजावा आणि तो जबड्यात किती खोलवर जातो ते पाहावे. गर्डर टोकाशीच अडकत असेल, तर कागदावरचा मोठा आकडा कामाचा नाही.

जोर आणि वेग यांचीही गल्लत होते. जोर दाबावर ठरतो, वेग तेलाच्या प्रवाहावर. समजा सिलिंडरचा व्यास २०० मिलिमीटर आणि दाब ३२० बार आहे, तर दट्ट्यावर सुमारे १०० टन जोर येतो. आता त्याची चाल, म्हणजे तो सरकतो ते अंतर, ६०० मिलिमीटर धरली, तर जबडा एकदा मिटायला सुमारे १९ लिटर तेल लागते. शिअरच्या लाइनला मिनिटाला १५० लिटर तेल मिळाले, तर हे काम साडेसात सेकंदांत होते. ७५ लिटरच मिळाले, तर पंधरा सेकंद लागतात. दिवसात शेकडो काप घ्यायचे असतात तेव्हा हा फरक थेट हिशेबात उतरतो. काही शिअरना स्पीड व्हॉल्व्ह असतो. जबडा रिकामा मिटत असताना सिलिंडरच्या दांड्याकडचे तेल टाकीत न सोडता तो पुन्हा दट्ट्यामागे वळवतो, त्यामुळे वेळ वाचतो. ही सोय असेल तर जरूर घ्यावी.

शिअर बसवायचा कुठे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बकेटच्या जागी, म्हणजे आर्मच्या (पोकलेनच्या हाताच्या पुढच्या भागाच्या) टोकाला बसवला तर पोहोच लांब मिळते, मात्र वजन हलके ठेवावे लागते. आर्म काढून थेट बूमला (हाताच्या मशीनकडच्या भागाला) बसवला तर त्याच मशीनवर बराच जड शिअर चालतो, पण उंची जाते. मशीनच्या लिफ्टिंग चार्टमध्ये, म्हणजे किती लांबवर किती वजन उचलता येते याच्या तक्त्यात, सर्वांत लांबच्या टप्प्याचा आकडा पाहावा, आणि त्यातून शिअरचेच नव्हे, तर कापल्यानंतर जबड्यात लटकत राहणाऱ्या तुकड्याचेही वजन वजा करावे. हा तुकडा हिशेबात धरायचे बहुतेक जण विसरतात.

पूर्ण फिरणारा शिअर महाग पडतो आणि त्याला तेलाची वेगळी लाइनही लागते. तरीही सांगाड्याच्या कामासाठी मी तोच सुचवीन, कारण मशीन न हलवता जबडा गर्डरला काटकोनात धरता येतो. तिरका धरलेला गर्डर कापला जाण्याऐवजी पिळला जातो आणि दोन्ही पात्यांना एकमेकांपासून दूर रेटतो.

प्रश्न : आमच्या शिअरमध्ये पातळ पत्रा कापला न जाता पात्यांमध्ये दुमडून अडकतो. पाती तर नुकतीच फिरवून घेतली आहेत.

उत्तर : पाती फिरवून नवी धार पुढे आणली, पण फट मोजली का? वरच्या आणि खालच्या पात्यांमधली फट वाढली की पत्रा तुटण्याऐवजी तिच्यात घुसतो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ती तपासावी आणि उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत शिम (पात्यामागे घालायची पातळ पट्टी) घालून कमी करावी. शिम घालूनही दोन दिवसांत तीच तक्रार आली, तर दोष पात्यांचा नसून मधल्या पिनच्या बुशचा (पिनभोवतीच्या नळीचा) आहे, असे समजावे; बुश झिजले की भार येताच जबडा बाजूला सरकतो. तिथे ग्रीस वेळेवर जाते का, तेही पाहावे. आणखी एक शंका येते : ऑपरेटर याच शिअरने काँक्रीट तर चावत नाही ना? सळई उघडी करण्यासाठी क्रशरचा जबडा वेगळा मिळतो. काँक्रीटवर शिअरची धार फार लवकर जाते.

प्रश्न : इंधनाची जुनी टाकी कापायची आहे. शिअरमध्ये ज्योत नसल्याने ती रिकामी केली की पुरे, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. लोखंडावर लोखंड घासले की ठिणगी पडू शकते, आणि रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. टाकी आतून साफ करून, वायूची तपासणी करूनच पहिला काप घ्यावा. केबिनपुढे जाळी आणि जाड पॉलिकार्बोनेटची काच असावी, आणि कापताना आसपास कोणीही उभे राहू नये. होजमधून तेल झिरपताना दिसले, तर मशीन बंद करून दाब उतरवावा. गळती बोटाने चाचपू नये, कारण दाबाखालचे तेल हातमोजा भेदून कातडीत शिरते. असे झाल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी माणसाला लगेच रुग्णालयात न्यावे.