दिवा विझतो की नुसता रंग बदलतो?

प्रश्न : माझ्याकडे सिमकार्डवर चालणारा यूएसबी मोडेम आहे. टेबलापाशी रेंज कमी मिळते, म्हणून तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून तो खिडकीत ठेवला. आता रेंजच्या चार काड्या दिसतात, वेबपानं झटकन उघडतात. पण व्हिडिओ कॉल पाच-दहा मिनिटांत तुटतो. मोडेमवरचा दिवा विझतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लुकलुकतो. सिम बदललं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मोडेम गेला म्हणायचा का?

उत्तर : एवढ्यात नको. तुम्ही दिव्याकडे लक्ष दिलंत, हे फार बरं झालं. नेटवर्क गेलं तर सहसा दिवा रंग बदलतो किंवा वेगळ्या लयीत लुकलुकतो, पण विझत नाही. तुमचा विझतो, म्हणजे मोडेमचा वीजपुरवठाच कोलमडतोय. कॉल तुटताना यूएसबी काढल्यावर येतो तसा आवाज कॉम्प्युटर करतो का, तेही ऐका. केला तर शंका उरत नाही.

हे व्हिडिओ कॉलमध्येच का होतं? पान वाचताना मोडेम बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. कॉलमध्ये तुमचं चित्र आणि आवाज त्याला सतत वर पाठवावे लागतात. टॉवरपर्यंतची वाट अवघड असेल तर तो जोर वाढवत नेतो आणि वीज जास्त ओढतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं. लांब, बारीक तारेत त्यातलंही थोडं व्होल्टेज गळतं. मग मोडेम बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. काड्यांवरून हे कळणार नाही. टॉवर तुम्हाला कसा ऐकू येतो ते त्या सांगतात. तुमचं टॉवरला ऐकू जावं म्हणून मोडेमला किती ओरडावं लागतंय, ते नाही.

याच दुखण्यापायी मी एकदा आठवडाभर सिम आणि सेटिंग बदलत बसलो होतो. शेवटी केबल काढून मोडेम थेट पोर्टमध्ये खोचला. रेंज घटली, पण जोडणी दिवसभर टिकली. तुम्हीही आधी हेच करून पाहा. कॉल टिकला तर दोषी केबल. मग मोडेम खिडकीतच ठेवा, पण केबलच्या खिडकीकडच्या टोकाला स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब (एका जोडणीतून अनेक पोर्ट देणारी डबी) लावून त्यात मोडेम खोचा. नुसती जाड, आखूड केबलही पुष्कळदा पुरते.

दिवा न विझताही कॉल तुटला, तर मोडेमच्या सेटिंगच्या पानावर दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद : उणे ९० डीबीएमच्या (हे ताकद मोजायचं एकक) आसपास निभावतं, उणे ११० च्या खाली अवघड. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते. मी हा आधी बघतो, कारण ताकद भरपूर असूनही हा शून्याच्या खाली गेला की जोडणी रडतखडत चालते. मोडेम वीतभर सरकवा, वळवा, दर वेळी मिनिटभर थांबून आकडा लिहून ठेवा. खिडकी बदलूनही बघा. दुसऱ्या बाजूचा दूरचा टॉवर कधीकधी जास्त स्वच्छ मिळतो.

प्रश्न : सिमवरच्या राउटरला कॅमेरा जोडलाय. राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडूनही कॅमेरा घराबाहेरून दिसत नाही.

उत्तर : राउटरला मिळालेला आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतेय. अशा वेळी तुमच्याकडचं पोर्ट उघडून उपयोग नाही, बाहेरून येणारी हाक कंपनीच्या दारातच थांबते. जोडणी आतून बाहेर करायला हवी : राउटरवरून बाहेरच्या सर्व्हरला व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा) जोडा आणि त्यातून कॅमेरा बघा. किंवा कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा; त्यासाठी एपीएन (सिम कंपनीच्या कोणत्या दारातून इंटरनेटवर जायचं ते सांगणारं नाव) बदलावा लागला तर नवं नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या.