वहीवर लिहिले आहे, ‘छापू नये’

प्रश्न : आमचे थोरले काका अविवाहित होते. तरुणपणी त्यांच्या काही कथा मासिकांतून आल्या; पुढे त्यांनी छापायला देणे आणि लोकांत मिसळणे दोन्ही सोडले, पण लिहिणे सोडले नाही. ते गेल्यावर घरात वह्यांनी भरलेली पेटी सापडली. दोन वह्यांवर त्यांच्याच अक्षरात ‘छापू नये’ असे आहे. एका प्रकाशकाने विचारणा केली आहे, तर माझे वडील म्हणतात की सगळेच जाळून टाकावे. अमेरिकन लेखक सॅलिंजर यांच्या बाबतीतही असेच घडले होते ना? आम्ही काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी सॅलिंजर यांच्याविषयी. 1951 साली त्यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीला अफाट यश मिळाल्यावर ते न्यू हॅम्पशायरमधील कॉर्निश या लहान गावी राहायला गेले. जून 1965 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यांची शेवटची कथा आली आणि 27 जानेवारी 2010 रोजी, वयाच्या 91व्या वर्षी, ते वारले. मधल्या जवळजवळ 45 वर्षांत त्यांनी नवे काहीही छापू दिले नाही. ते लिहीत होते आणि ते लेखन यथावकाश वाचकांसमोर येईल, असे त्यांच्या मुलाने 2019 मध्ये सांगितले, मात्र त्या कामाला बरीच वर्षे लागतील हेही त्याच वेळी स्पष्ट केले. एवढी मागणी असलेल्या लेखकाचे वारस इतका वेळ घेऊ शकतात, तर आपल्याला घाई करण्याचे काहीच कारण नाही.

कायदाही घाई करायला लावत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट टिकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या साहित्यकृतीच्या बाबतीत ही 60 वर्षे ती प्रथम प्रसिद्ध होईल त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे वह्या आणखी दहा वर्षे पेटीत राहिल्या, तरी आपला हक्क कमी होत नाही. ‘आत्ताच करार करा, नाहीतर हक्क जाईल’ असे प्रकाशक म्हणत असल्यास ते मनावर घेऊ नये.

तो हक्क कोणाचा, हे मात्र आधी पाहावे लागेल. काकांनी मृत्युपत्र केले होते का, याची नोटरीकडे चौकशी करावी. मृत्युपत्राने हस्तलिखित एखाद्याच्या नावे केले असेल आणि ते लेखन तोवर अप्रकाशित असेल, तर विरुद्ध इच्छा दिसत नसल्यास लेखकाकडचा कॉपीराइटही त्याच व्यक्तीकडे जातो. गोव्याच्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवावी लागते, पण भावंडे आणि पुतणे त्या वारसांत मोडत नाहीत. त्यामुळे आई-वडील हयात नसलेला अविवाहित, निपुत्रिक माणूस आपले सर्व काही हवे त्याला देऊ शकतो. मृत्युपत्र नसेल, तर आपल्या वडिलांसह काकांची सर्व भावंडे आणि दिवंगत भावंडांची मुले वारस ठरतात. अशा वेळी एकट्याने प्रकाशकाला होकार देता येत नाही, तसेच एकट्याने पेटीला काडीही लावता येत नाही. सर्वांची लेखी संमती घ्यावी.

आता ‘छापू नये’विषयी. वहीवरची ओळ म्हणजे मृत्युपत्र नव्हे, म्हणून ती कायद्याने बांधत नसावी; तरी ती दुर्लक्षिण्याजोगीही नाही. अशा वेळी जर्मन भाषेत लिहिणारे लेखक काफ्का यांचा दाखला हमखास दिला जातो : 1924 साली ते वारले, लेखन जाळण्याची त्यांची इच्छा मित्र मॅक्स ब्रोड यांनी मानली नाही, आणि 1925 मध्ये त्यांची ‘द ट्रायल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. परंतु आपण हे करणार नाही असे काफ्कांना आधीच सांगितले होते, असे ब्रोड यांचे म्हणणे होते. पुतण्यांना ही सबब उपलब्ध नाही. माझ्या मते त्या दोन वह्या छापू नयेत. मात्र त्या जाळूही नयेत, कारण काकांनी छापण्यास मनाई केली होती, ठेवण्यास नव्हे. आणि वह्या नष्ट करायच्या असत्या, तर त्यांना त्यासाठी भरपूर अवधी होता. उरलेल्या वह्यांबाबत त्यांनी काहीच लिहिलेले नाही, तेव्हा त्या जाणत्या संपादकाकडून वाचून घ्याव्यात. छापल्यास खर्डा कुठे संपतो आणि संपादकाची भर कुठे सुरू होते, हे पुस्तकात सांगितलेच पाहिजे.

तोवर वह्या सांभाळायला हव्यात, आणि आपल्या पावसाळ्यात हे सोपे नाही. लोखंडी पेटीतून त्या काढाव्यात, गंजलेल्या टाचण्या अलगद सोडवाव्यात, लॅमिनेशन मुळीच करू नये, क्रम बदलू नये आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. बुरशी दिसल्यास ती वही बाकीच्यांपासून वेगळी करावी. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेख खात्याकडे विचारणा करता येईल. देणगी देताना ‘अमुक वर्षांपर्यंत प्रकाशनास मनाई’ अशी लेखी अट घालावी.

प्रश्न : अशाच एका दिवंगत लेखकाची मला आलेली पत्रे माझ्याकडे आहेत. ती मी छापू शकते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कागद आपला आहे, मजकूर नाही. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांकडे असतो. सॅलिंजर यांची अप्रकाशित पत्रे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सर्वांना वाचायला खुली होती. तरीही चरित्रकाराने ती पुस्तकात वापरल्यावर 1987 मध्ये अमेरिकी न्यायालयाने सॅलिंजर यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे त्यांच्या निधनानंतर खंडाखंडांनी प्रसिद्ध झाली, आणि लोकांपासून दूर राहिलेला हा कथाकार किती मोकळेपणाने पत्रे लिहीत असे, हे त्यामुळेच वाचकांना कळले. म्हणून आपली पत्रेही जरूर छापावीत, परंतु वारसांची परवानगी घेऊन. आणि पत्रांत उल्लेख असलेल्या हयात माणसांनाही आधी विचारावे.