पाऊस लागला की घरातलं माणूस झोपत नाही

जून लागला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. चिपळूणकडून, महाडकडून, कधी सांगलीहून. "मॅडम, पुराला इतकी वर्षं झाली. दुकान उभं राहिलं, घर सावरलं. तरी पाऊस लागला की हे रात्रभर जागे. डोक्यावर परिणाम झालाय का हो?" विचारणारी बहुधा बायको किंवा सून असते. ज्याला त्रास होतोय तो बाहेर गाडीत बसून असतो.

डोक्यावर परिणाम नाही आणि मन कच्चं आहे असंही नाही. जिवावरच्या प्रसंगानंतर पहिले काही आठवडे दचकणं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी ते हटेना, कामधंदा आणि घरातली माणसं त्यात होरपळायला लागली, की त्याला आघातोत्तर ताण म्हणायचं. डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. कधीकधी हा त्रास सुरूच काही महिन्यांनी होतो. तोवर मदतीचे ट्रक परत गेलेले असतात, पंचनामे फायलीत गेलेले असतात, आणि माणसाला वाटतं, आता कुठल्या तोंडानं सांगू?

चिपळूणच्या बाजारपेठेतले एक दुकानदार आले ते रागाची तक्रार घेऊन. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) मुलानं नळाखाली लावलेली बादली भरून वाहिली, तर यांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती.

"बाकी काही नाही मॅडम, राग आवरत नाही."

"झोप?"

"पाऊस नसला की लागते."

"आणि असला की?"

ते गप्प. सोबत आलेली त्यांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "मोबाईलवर धरणाचं पाणी बघत बसतात. मध्येच उठून जिन्यात बॅटरी मारतात."

तेवढ्यात माझ्या खोलीतल्या पाण्याच्या जारमध्ये बुडबुडा आला, गुडूप. गृहस्थ खुर्चीवरून अर्धे उठले होते. पुढच्या वेळेपासून जार बाहेर ठेवला, पण मला जे समजायचं ते समजलं होतं. राग ही वरची साल होती. त्यांचं शरीर अजून २२ जुलै २०२१ च्या पहाटेतच पहारा देत होतं.

त्या रात्री बाजारपेठेत अनेकांनी २००५ च्या पुराचा अंदाज धरला होता. वाशिष्ठी नदीनं तो मोडला. हे कुटुंब दुकानाच्या वरच राहायचं, म्हणून वाचलं. मागच्या बैठ्या खोलीत एकटे राहणारे आजोबा हाका मारत होते. मग हाका थांबल्या. गोष्ट दर वेळी इथेच संपायची. "मी वर माझा माल मोजत बसलो आणि म्हातारा गेला," एवढं म्हणून ते रुमाल काढायचे.

सुरुवातीचे बरेच दिवस मी त्या रात्रीला हातही लावला नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवून औषध सुरू केलं. संध्याकाळी 'थोडीशी' घेण्याची सवय थांबवली, कारण दारूनं गुंगी येते, झोप मात्र आणखी विस्कटते. छाती धडधडायला लागली की पायाखालची फरशी, खोलीतला रंग, आजची तारीख मोठ्यानं म्हणायची, एवढं शिकवलं. मग ते तयार झाल्यावर म्हटलं, आज हाका थांबल्या तिथे थांबायचं नाही. डोळे मिटा आणि आत्ता घडतंय असं सांगा.

"हाक येते... मी जिन्यात आहे."

"जिन्यात? माल मोजताय ना?"

बराच वेळ गेला. "नाही. मी खाली उतरतोय. पाणी थंड आहे. छातीला लागलंय. फ्रीज आडवा तरंगतोय, दार सापडत नाही... मागून कोणीतरी ओढतंय."

वहिनी रडायला लागल्या. "मीच. शर्ट धरून ओढलं मी यांना. मला वाटायचं, माझ्यामुळे आजोबा गेले म्हणून यांचा माझ्यावर राग आहे."

दोघं एकाच घरात, एकच रात्र, वर्षानुवर्षं एकमेकांपासून लपवून जगत होते. इतक्या वर्षांच्या कामात मला खात्री पटली आहे की टाळणं हा या आजाराचा खुराक आहे. भीती तर त्यानं टिकतेच, पण ज्या भागात आपली सुटका आहे नेमका तोच भाग त्यात दडून राहतो. विवेकनिष्ठ विचारांची, म्हणजे मनातले चुकीचे विचार तर्कानं तपासून बदलण्याची, मी जुनी पुरस्कर्ती. तरीही इथे 'तुमचा दोष नव्हता' असं मी शंभरदा सांगितलं असतं तरी ते पटलं नसतं. आपण उतरलो होतो हे त्यांनी स्वतः पाहिलं, तेव्हा अपराधीपणाचं गणित मांडायला खरे आकडे मिळाले.

मग पायरीपायरीनं पाऊस. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग सरीत दुकानात बसणं, मग जिन्यात बॅटरी न मारता एक रात्र. ती रात्र त्यांना सगळ्यात जड गेली.

घरच्यांना एक विनवणी. 'झालं गेलं विसरा' म्हणू नका आणि 'सांग, मोकळा हो' म्हणून खोदूही नका. त्या रात्रीत परत जाणं हे प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं करायचं काम आहे, जेवणाच्या ताटावर नव्हे. तुम्ही झोपेच्या वेळा पाळा, धरणाच्या बातम्या दिवसातून ठरावीक वेळीच बघायचं ठरवा, आणि दचकण्यावर विनोद करू नका. लहान मुलं तोच तो पूर खेळत असतील, पुन्हा अंथरूण ओलं करत असतील, तर तेही याच खात्यातलं. जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर मात्र वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर. जवळपास कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

ते दुकानदार रेड अलर्ट असला की अजूनही माल वरच्या फळीवर चढवतात. वहिनींनी विचारलं, "हे पण बंद करायला हवं ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. चिपळुणात राहून जुलैत माल वर ठेवणं हा शहाणपणा आहे, तो आजारात मोजू नका.