लहानपणापासून सोलापुरात चर्चला जातो, पण आयुष्य पूर्णपणे ख्रिस्ताच्या हाती देणं जमत नाही. नेमकं काय करू?

बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं: समर्पण म्हणून आपण नवस बोलतो. ‘नोकरी लाव, मग मी तुझाच’ हा सौदा झाला. नोकरी लागली नाही की तो मोडतो.

गेथशेमाने बागेत येशूने आधी स्वतःची इच्छा उघड सांगितली, हा प्याला, म्हणजे समोर असलेलं दुःख आणि मरण, टळावा म्हणून. मग ती पित्याच्या इच्छेखाली ठेवली (मत्तय 26:39). क्रम तोच ठेवा. दाबून टाकलेली इच्छा दुसऱ्या दाराने परत येते.

‘सगळं तुझं’ असं मोघम म्हणू नका. वहीत नावं लिहा: पगार, लग्न, भावाशी चाललेला जागेचा वाद, मोबाइल. जे लिहिताना हात अडखळतो, तिथून सुरुवात. त्या एकाच गोष्टीसाठी रोज प्रार्थना करा आणि आज करता येईल असं एक आज्ञापालन ठरवा, उदाहरणार्थ भावाला फोन. कारखान्यात पहिली पाळी असेल तर निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटंही पुरतात. उद्या पुन्हा तेच. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलाय, त्यामुळे एखाद्या दिवशी आयुष्याचा ताबा परत स्वतःकडे घेतलात म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाळपणी बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुन्हा घ्यायचा नसतो; दृढीकरण (बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी) राहिलं असल्यास पाळकांना भेटा.

आणि हो, देवाला ताबा देणं म्हणजे पाळकाला देणं नव्हे. कुणी औषधं बंद करा किंवा पगार आणून द्या म्हणालं, तर तिथून सरळ उठा.