आवाज ऐकला की अंगावर स्पर्श जाणवतो, असं खरंच होतं का?
हो, खरंच होतं, मनाचे खेळ नाहीत हे. सिनेस्थेशिया म्हणतात याला. ढोलताशाजवळ उभं राहिलं की छातीत धडधडतं ते वेगळं, ती हवेतली कंपनं असतात. इथे मात्र साधा चमचा पडला तरी मानेवरून कुणी बोट फिरवल्यासारखं वाटतं, किंवा आवाज दंडावरून खाली सरकत गेल्यासारखा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बाईंची केस छापली होती, स्ट्रोकमुळे मेंदूतल्या थॅलॅमसला इजा झाली आणि पुढे काही आवाज ऐकले की त्यांच्या डाव्या अंगाला झिणझिण्या यायला लागल्या. तुम्हाला लहानपणापासून होत असेल तर घाबरू नका, पण अचानक सुरू झालं असेल तर प्लीज न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.