'गातोस'मधला स आणि फ्रेंचमधला मुका एस

प्रश्न असा आला आहे : "मुलीने अकरावीला फ्रेंच घेतलंय. चाचणीत 'त्यु पार्ल' म्हणजे 'तू बोलतेस' लिहिताना तिने शेवटचा एस गाळला, अर्धा गुण गेला. तिचं म्हणणं, जो एस कुणी उच्चारतच नाही तो लिहायचा कशाला? आणि 'मी पाच वर्षं पुण्यात राहते' याला फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ कसा चालतो?"

मुलीची तक्रार कानाच्या बाजूने शंभर टक्के खरी आहे. 'पार्ले' (बोलणे) हे शेवटी ई-आर असलेलं क्रियापद. फ्रेंचमधली बहुतेक क्रियापदं याच साच्यातली, आणि नवीन येणारी तर जवळजवळ सगळीच. ई-आर काढा आणि प्रत्यय लावा : मी-साठी ई, तू-साठी ई-एस, तो-ती-साठी ई, आम्ही-साठी ओ-एन-एस, तुम्ही-साठी ई-झेड, ते-त्या-साठी ई-एन-टी. म्हणायला गेलात की ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. सहांपैकी चार रूपं कानाला एकच. त्यात बोलताना फ्रेंच माणूस 'नू'ऐवजी सर्रास 'ऑं' वापरतो, आणि 'ऑं'चं रूप 'तो'सारखंच, म्हणजे पुन्हा पार्ल. रोजच्या बोलण्यात उरले दोनच आवाज : पार्ल आणि पार्ले.

हे फार विचित्र वाटत असेल तर आपलं ताट बघा. मी राहतो, तो राहतो, आम्ही राहतो. तीन कर्ते, एकच रूप. फरक एवढाच की मराठीत 'मी' गाळून नुसतं 'पुण्यात राहतो' म्हटलं तरी भागतं, फ्रेंचमध्ये भागत नाही. प्रत्यय मुके झाले, त्यामुळे कर्त्याचं सगळं ओझं सर्वनामावर आलं. 'ज', 'त्यु', 'इल' तिथे गाळता येत नाहीत ते म्हणून.

आता तो एस. हे प्रत्यय कुणी छळायला लावलेले नाहीत, एके काळी ते सगळे उच्चारले जात. 'गाणे' हे क्रियापद घेऊ. लॅटिनमध्ये 'तू गातोस'ला कान्तास आणि 'ते गातात'ला कान्तान्त. संस्कृतात गायसि आणि गायन्ति. शेवटचे आवाज जुळतात ते उगाच नव्हे, दोन्ही एकाच जुन्या घराण्यातले. लॅटिनचं कान्तास फ्रेंचमध्ये येता येता शाँत झालं, शेवटचा एस मुका झाला, पण वहीत राहिला. कान्तान्तमधल्या एन-टीचंही तेच. आणि गायसि-गायन्तिचे वारस आपल्याकडे अजून बोलतात : तू गातोस, ते गातात. जुन्या मराठीतली 'जाणसी', 'म्हणती' ही रूपं डोळ्यांसमोर आणली की धागा आणखी स्पष्ट दिसतो. म्हणजे तुमच्या मुलीने जो एस गाळला, तो 'बोलतेस'मधल्या स-चा लांबचा चुलतभाऊ.

(जाता जाता : 'तू कुठे राहतो?', 'तू काय करते?' असं स-विना बोलणं हल्ली मराठीतही भरपूर ऐकू येतं. माझ्या कानाला ते खुपतं, पण फ्रेंचांच्या पणजोबांनाही एस गिळणारी पोरं अशीच खुपली असणार.)

न उच्चारलेलं लिहिण्याची सवय तर आपल्यालाही होतीच. आजोबांची जुनी पत्रं असतील तर काढून बघा : 'घरांत', 'केलें', 'आम्हीं'. त्या अनुस्वारांचा आवाज कुणी काढत नव्हतं, व्युत्पत्तीच्या मानापोटी ते डोक्यावर बसलेले. मराठी साहित्य महामंडळाने 1962 च्या लेखननियमांत ते काढून टाकले. फ्रेंचांनी आपले मुके प्रत्यय काढले नाहीत, त्यामुळे अर्धा गुण जातो.

पण हे प्रत्यय पूर्ण मेलेलेही नाहीत, झोपलेले आहेत. 'ते बोलतात का?' असं क्रियापद पुढे घेऊन विचारलं, की टी जागा होतो : पार्ल-तील? आणि गंमत म्हणजे एकवचनात 'तो बोलतो का?' विचारतानाही मध्ये एक टी घालतात, तिथे लिहिण्यात तो प्रत्ययाचा नसतानाही. इतर क्रियापदांत टी ऐकून ऐकून इथेही चिकटला.

स्वराने सुरू होणारं क्रियापद घेतलं की सर्वनामाचा एसही उठतो. 'आबिते' (राहणे) घ्या, लिहिताना याच्या आधी एच असतो पण तो मुका. तो राहतो : इलाबित. ते राहतात : इलझाबित. मधला तो झाडातला झ सोडला तर दोन्हींत काही फरक नाही, आणि श्रुतलेखनात मुलं नेमकी इथे आपटतात. नूझाबितों, वूझाबिते इथेही तोच झ. 'मी'चं मात्र 'ज' आणि 'आबित' एक होऊन जाबित.

आणि 'पार्ले' हे ज्याला आज नियमित क्रियापदांचा नमुना म्हणून पहिल्या पानावर बसवतात, ते स्वतः कधीकाळी वांड होतं. जुन्या फ्रेंचमध्ये 'तू बोलतोस'ला पारोल-सारखं रूप होतं आणि 'आम्ही बोलतो'ला पार्ल-वालं. आघात कुठे पडतो त्यावर धातू बदलायचा. पुढे लोकांनी 'आम्ही-तुम्ही'चा धातू सगळीकडे लावून टाकला. जुन्या धातूचा आवाज 'पारोल' (शब्द, वाणी) या नामात आजही ऐकू येतो.

लेखनातल्या किरकोळ खोड्या आहेत. 'माँजे' (खाणे) याच्या 'आम्ही' रूपात जी-नंतर एक जादा ई ठेवतात, नाहीतर ज-चा ग होईल. 'आले' (जाणे) मात्र ई-आर असूनही या साच्यातलं नाही, त्याला वेगळं पाठ करावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. इथे माझं मत थोडं ठाम आहे : आपली मुलं फ्रेंच इंग्रजीतून शिकतात आणि त्यामुळे नको तिथे अडखळतात. 'मी पाच वर्षं पुण्यात राहते' याला फ्रेंचमध्ये 'जाबित आ पुणे दप्वी सँकाँ'. साधा वर्तमानकाळ आणि 'दप्वी' म्हणजे पासून. इंग्रजीत 'आय हॅव बीन लिव्हिंग' अशी तीन मजली इमारत उभी करावी लागते, म्हणून मुलं फ्रेंचमध्येही काहीतरी भूतकाळ शोधत बसतात. मराठीत विचार केला तर शोधायचं काही नाहीच. राहते आहे, अजून तिथेच आहे, म्हणून वर्तमान. पुणं सोडलं असेल तर आपणही 'पाच वर्षं राहिले' म्हणतो, फ्रेंचही तिथे भूतकाळावर जातं.

'बोलते' आणि 'बोलत आहे' या दोघींना मिळून तिथे एकच 'ज पार्ल'. 'आत्ता, या क्षणी' असं ठासून सांगायचं तर वेगळा वाक्प्रयोग आहे, पण रोज लागत नाही. 'उद्या मी तुझ्याकडे जेवते' हे आपण वर्तमानात म्हणतो तसं तेही म्हणतात. 'त्यु' आणि 'वू' म्हणजे सरळ तू आणि तुम्ही. एकाच माणसाला मानाने 'वू' म्हटलं तरी क्रियापद अनेकवचनी, अगदी 'तुम्ही राहता'सारखं. अरेतुरे करण्याला त्यांच्याकडे आख्खं क्रियापद आहे, 'त्युत्वाये', आणि अहोजाहोला 'वूवाये'. दोन्ही ई-आरवालीच.

फक्त एका जागी मराठी दगा देते. खालून कुणी हाक मारली की आपण जिन्यावरूनच ओरडतो, "आलेच!" रूप भूतकाळाचं, पण बाई अजून चपला शोधतेय. फ्रेंच माणूस अशा वेळी वर्तमानकाळात 'जारीव' म्हणतो, 'आरीवे' या साध्या ई-आर क्रियापदाचं 'मी'चं रूप. तुमच्या मुलीने तिथे मराठीवरून भूतकाळ लावला, तर खालचा माणूस मागे वळून बघेल की ही कुठून आली.